समासातल्या नावांपासून सुरुवात

मुघल चित्रित पोथी पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर सोन्यावर आणि गर्द निळ्या रंगावर खिळते. ते योग्यच आहे, त्या पोथ्या डोळे दिपावेत म्हणूनच घडवल्या होत्या. तरी वाचकांनी क्षणभर खालच्या समासाकडेही पाहावे, अशी आमची विनंती आहे.

अकबराच्या काळात अशी पोथी दरबारी कारखान्यात घडे. कुणी कागद घोटून गुळगुळीत करी, कातिब नस्तालिक लिपीत मजकूर उतरवी, कुणी सोन्याचा वर्ख खलून शाई करी, कुणी बांधणी सांभाळी. निळ्या रंगासाठी लागणारा लाजवर्द दूर बदख्शानच्या खाणींतून येई. एकट्या ‘हम्जानामा’चे काम सुमारे १५ वर्षे चालले, त्यात कापडावर रंगवलेली जवळपास १,४०० चित्रे होती. हा खर्च पेलणारी तिजोरी मुख्यतः शेतसाऱ्यावर भरत असे. तेव्हा या वैभवाचा हिशेब रयतेच्या शेतापर्यंत पोहोचतो, आणि अभ्यासकाने तो तिथवर न्यायलाच हवा.

कारागिरांविषयी मात्र आपण भाग्यवान आहोत. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फज्ल याने ‘आईन-इ-अकबरी’त लिहून ठेवले आहे की दरोगे आणि कारकून दर आठवड्याला चित्रकारांचे काम बादशहापुढे मांडत, कामाच्या गुणवत्तेप्रमाणे बक्षीस मिळे किंवा महिन्याचा पगार वाढे. त्याने नावाजलेला दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतींवर चित्रे काढणारे हे पोर अकबराच्या नजरेस पडले आणि उस्ताद चित्रकार ख्वाजा अब्दुस समदच्या हाताखाली तयार झाले. एवढ्या मोठ्या राज्याच्या दप्तरात अशा मुलाला जागा मिळाली, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

तुम्ही या विषयात नवे असाल, तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील ‘अकबरनामा’पासून सुरुवात करा. हवाई नावाच्या बेफाम हत्तीवर बसलेला तरुण अकबर आग्र्याला यमुनेवरचा होड्यांचा पूल ओलांडतो आहे, ते चित्र निवडा. प्रसंग १५६१चा. रचना बसावनची, रंगकाम चेतरचे. पानाच्या तळाशी लाल शाईत तशी नोंद आहे. आधी बादशहा पाहा, मग हत्तींच्या भाराने कोलमडणाऱ्या होड्या आणि त्या सावरणारी माणसे. त्यांच्या ताणलेल्या हातांवर बसावनने किती मन लावले आहे ते पाहा. फारसी येत नसले तरी अडणार नाही: संग्रहालयाच्या सूचीत चित्रांसोबत चित्रकारांची नावे दिली आहेत. दुसरे पान निवडताना चित्राऐवजी एखादे नाव धरून पुढे जा.