लिनक्स कर्नेलमधील पार्टिशन-सीमा तपासणीचा दोष (२०१७–१८)

लिनक्स कर्नेलमधील पार्टिशन-सीमा तपासणीचा दोष हा लिनक्स संचालन प्रणालीच्या ब्लॉक स्तरात २०१७ साली शिरलेला व मार्च २०१८ मध्ये दुरुस्त झालेला दोष होय. वाचन-लेखनाची विनंती साठवण उपकरणाच्या हद्दीत आहे की नाही, हे तपासणारे ‘बायो_चेक_ईओडी’ नावाचे फंक्शन या काळात पार्टिशनच्या आकाराऐवजी संपूर्ण डिस्कच्या आकाराशी तुलना करत होते. त्यामुळे एका पार्टिशनसाठी आलेली चुकीची विनंती शेजारच्या पार्टिशनपर्यंत पोहोचू शकत होती. नावातील ‘ईओडी’ म्हणजे उपकरणाचा शेवट.

पार्श्वभूमी

लिनक्स कर्नेल साठवण उपकरणाचे मोजमाप ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये करते. उपकरणाचा प्रत्यक्ष सेक्टर ४,०९६ बाइटांचा असला तरी अंतर्गत हिशोब ५१२ बाइटांचाच राहतो. एका डिस्कचे अनेक पार्टिशन करता येतात. प्रत्येक पार्टिशनचा आरंभ-सेक्टर आणि सेक्टरसंख्या कर्नेलला ठाऊक असते. फाइल प्रणाली मात्र आपले पार्टिशन शून्यापासून सुरू होते असेच मानून चालते. तिने मागितलेल्या सेक्टर क्रमांकात पार्टिशनचा आरंभ-सेक्टर मिळवून डिस्कवरील खरा क्रमांक काढण्याचे काम ब्लॉक स्तर करतो. या क्रियेस पुनर्निर्देशन म्हणता येईल.

ब्लॉक स्तरातील प्रत्येक विनंती ‘बायो’ नावाच्या रचनेतून प्रवास करते. ऑगस्ट २०१७ पर्यंत या रचनेत ‘ब्लॉक डिव्हाइस’चा निर्देशक असे आणि पार्टिशनलाही स्वतःचे ब्लॉक डिव्हाइस असल्याने त्याचा आकार तिथूनच मिळे. ही रचना साधारणतः उपकरणाची नोंद उघडलेली असतानाच उपलब्ध असते. एनव्हीएमई उपकरणांना अनेक मार्गांनी पोहोचण्याची नवी सोय करताना हे बंधन अडचणीचे ठरू लागले. म्हणून ख्रिस्टोफ हेलविग यांनी तो निर्देशक काढून त्या जागी संपूर्ण डिस्कचा निर्देशक आणि पार्टिशनचा अनुक्रमांक अशी जोडी आणली. हा बदल १२ नोव्हेंबर २०१७ रोजी प्रसिद्ध झालेल्या ४.१४ आवृत्तीत समाविष्ट झाला.

दोषाचे स्वरूप

नव्या मांडणीत तपासणीचे फंक्शन ‘डिस्कची क्षमता किती’ एवढेच विचारू लागले. पार्टिशनचा अनुक्रमांक विनंतीत उपलब्ध असूनही तो पाहिला जात नव्हता. तपासणी दोनदा होई, पुनर्निर्देशनापूर्वी एकदा आणि नंतर एकदा; पण दोन्ही वेळा मोजपट्टी तीच असल्याने दुसऱ्या तपासणीचा पार्टिशनच्या हद्दीसाठी काहीच उपयोग नव्हता.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. डिस्क १०,००,००० सेक्टरची आहे. पहिले पार्टिशन २,०४८ व्या सेक्टरपासून सुरू होते व ४,००,००० सेक्टरचे आहे. दुसरे त्याला लागूनच, ४,०२,०४८ पासून सुरू होते. पहिल्या पार्टिशनवर ३,९९,९९६ या क्रमांकापासून ८ सेक्टर लिहिण्याची विनंती आली, तर तिचे शेवटचे ४ सेक्टर हद्दीबाहेर जातात. सदोष तपासणीत मात्र ही संख्या १० लाखांच्या आतली असल्याने विनंती वैध ठरते. पुनर्निर्देशनानंतर ती ४,०२,०४४ ते ४,०२,०५१ या सेक्टरवर जाते, म्हणजे दुसऱ्या पार्टिशनचे पहिले ४ सेक्टर पुसले जातात. त्या पार्टिशनवर ईएक्सटी४ फाइल प्रणाली असेल, तर तिचा मुख्य माहितीखंड, अर्थात सुपरब्लॉक, आरंभापासून १,०२४ बाइटांवर असतो. तो नेमका या ४ सेक्टरमध्येच येतो. (ईएक्सटी४ त्याच्या प्रती अन्यत्र राखते, त्यामुळे दुरुस्तीची शक्यता उरते.)

पूर्व विदर्भातील भंडाऱ्यासारख्या धानपिकाच्या जिल्ह्यात दोन शेतांमध्ये धुरा असतो. नांगर धुऱ्यापाशी न थांबवता गावाची शीव ओलांडली नाही एवढेच पाहिले, तर शेजाऱ्याची जमीन नांगरली जाईल. कर्नेल येथे तेच करत होते. गावाच्या अगदी शिवेवरील शेत, म्हणजे डिस्कवरील शेवटचे पार्टिशन, तेवढे सुरक्षित होते; कारण तिथून बाहेर पडणारी विनंती डिस्कचीच हद्द ओलांडत असल्याने दुसऱ्या तपासणीत अडे.

सुस्थितीतील फाइल प्रणाली आपल्या हद्दीबाहेरचा सेक्टर मागतच नाही, त्यामुळे दैनंदिन वापरात हा दोष जाणवत नसे. पार्टिशनच्या नोंदीतून थेट केलेल्या सामान्य लेखनालाही त्याआधीच्या पायरीवर आकाराची मर्यादा लागते. धोका होता तो फाइल प्रणालीची अंतर्गत माहिती बिघडलेली असताना किंवा फाइल प्रणाली लहान न करता केवळ पार्टिशन लहान केले असताना. अशा वेळी कर्नेलने त्रुटी परत करून ‘उपकरणाच्या शेवटापलीकडे जाण्याचा प्रयत्न’ अशा अर्थाचा संदेश नोंदवणे अपेक्षित असते. तो संदेशच न येता शेजारचा विदा बदलणे, हे या दोषाचे सर्वांत गंभीर अंग होय. एकाच डिस्कवर दोन संचालन प्रणाली ठेवणाऱ्या संगणकात दुसरी प्रणाली यात विनाकारण सापडू शकते.

दुरुस्ती

मार्च २०१८ मध्ये हेलविग यांनीच, अन्य एका विकासकाने आधी पाठवलेल्या दुरुस्तीच्या आधारे, हा दोष दूर केला. कमाल मर्यादा फंक्शनने स्वतः न शोधता ती त्याला बाहेरून पुरवली जाऊ लागली. विनंती पार्टिशनसाठी असेल, तर तपासणी पुनर्निर्देशनाच्या फंक्शनमध्येच, आरंभ-सेक्टर मिळवण्याआधी, पार्टिशनच्या सेक्टरसंख्येशी होते. पूर्ण डिस्कसाठी असेल, तर डिस्कच्या क्षमतेशी. त्रुटीच्या संदेशातही तीच मर्यादा छापली जाऊ लागली. १ एप्रिल २०१८ रोजी आलेल्या ४.१६ आवृत्तीत ही दुरुस्ती आहे.

तुलनेचे सूत्र मात्र पूर्वीचेच राहिले. ‘आरंभ अधिक लांबी ही मर्यादेपेक्षा मोठी आहे का’ असे विचारणे सोपे वाटते, परंतु फार मोठ्या संख्यांची बेरीज ठरावीक बिटांत न मावल्यास ती शून्याकडे वळते आणि अवैध विनंती वैध भासते. म्हणून कर्नेल प्रथम लांबी मर्यादेपेक्षा मोठी नाही हे पाहते, मग मर्यादेतून लांबी वजा करून उरलेल्या संख्येशी आरंभाची तुलना करते. क्रम बदलल्यास वजाबाकीच चुकेल. मर्यादा शून्य, म्हणजे आकार अज्ञात असल्यास ही तपासणी त्या काळी वगळली जात असे.

पुढील बदल

त्याच २०१७ च्या बदलामुळे, उपकरणाच्या शेवटाशी येणारे वाचन आखूड करणाऱ्या ‘गार्ड_बायो_ईओडी’ या फंक्शनमध्येही अशीच चूक झाली होती. ती स्वतंत्रपणे दुरुस्त करण्यात आली.

एप्रिल २०२१ मधील ५.१२ आवृत्तीत हेलविग यांनी ‘बायो’ रचनेत ब्लॉक डिव्हाइसचा निर्देशक परत आणला. तोवर ब्लॉक डिव्हाइसच्या आयुष्याचे नियम बदलून ती रचना डिस्क व पार्टिशनबरोबरच अस्तित्वात राहील अशी व्यवस्था झाली होती. तेव्हापासून ‘बायो_चेक_ईओडी’ला मर्यादा बाहेरून द्यावी लागत नाही, विनंती ज्या ब्लॉक डिव्हाइसची आहे, त्याचीच सेक्टरसंख्या ते वाचते.