माटुंग्याचे वारस

१८९६च्या प्लेगनंतर, १८९८मध्ये, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढच्या काही दशकांत दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनींवर आखीव रस्ते नि भाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या. तमिळ कारकून, कच्छी-गुजराती व्यापारी आणि मराठी नोकरदार एकमेकांचे शेजारी झाले. या वस्तीचा इतिहास सहसा इडली-कॉफीच्या अंगाने सांगितला जातो. त्यात गोडवा फार. वारसाहक्काच्या अंगाने पाहिले तर निराळेच दिसते. एका जिन्यावरच्या या हिंदू घरांना एक कायदा नव्हता, आणि तो एक झाला तेव्हा बहुतेक बिऱ्हाडांची सर्वांत मोलाची चीज त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

१९५६पूर्वी हिंदू माणसाचा वारसा तो राहतो कुठे यावर ठरत नसे; घराणे मूळचे कुठले हे पाहिले जाई. मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकणात नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ हा धर्मशास्त्रग्रंथ वरचढ होता, उरलेल्या महाराष्ट्रात ‘मिताक्षरा’. तमिळ मुलखातही मिताक्षराच, पण मद्रासकडच्या अर्थाने. स्थलांतर केलेले कुटुंब आपला कायदा सोबत नेते, असे न्यायालये गृहीत धरत. १९२०च्या बळवंतराव विरुद्ध बाजीराव खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मध्य प्रांतातल्या मराठी ब्राह्मण घराण्याला मुंबईकडचाच नियम लावला. त्याच न्यायाने माटुंग्यातला तमिळ गृहस्थ मद्रासचा कायदा घेऊन आला होता. मुलगा किंवा विधवा मागे न ठेवता बाप गेला आणि मिळकत मुलीकडे आली, तर गुजराती किंवा मराठी मुलगी तिची पूर्ण मालकीण होई. शेजारच्या तमिळ मुलीचा हक्क मर्यादित. कायद्याला मान्य अशी निकड असल्याशिवाय तिला विकता येत नसे आणि तिच्या पश्चात मिळकत तिच्या नव्हे, बापाच्या पुढच्या वारसाकडे जाई. अशी घरे थोडी आणि कारकुनाची मिळकत ती केवढी, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण नियम जाचायचा तो नेमका जिला भाऊ नाही तिला, म्हणजे बापाच्या ठेव्याची जिला सर्वांत जास्त गरज तिलाच.

१७ जून १९५६ला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला, त्याच्या कलम १४ने स्त्रीच्या ताब्यातल्या मर्यादित हक्काची पूर्ण मालकी केली आणि मुंबई-मद्रास शाखांचा हा भेद मिटला. मात्र माटुंग्यातल्या कितीतरी कुटुंबांकडे मागे ठेवण्याजोगे होते ते भाड्याचे घर, आणि ते १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली. तिथे उलटा न्याय: भाडेकरू वारला की पहिला हक्क त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाचा. मृत्युपत्राने ही भाडेवहिवाट बाहेरच्याला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये स्पष्ट केले. हा नियम मुलगा-मुलगी पाहत नाही, परदेशी गेलेला मुलगाही त्यात मागे पडतो, असा बचाव होतो. शब्दांपुरता तो बरोबर आहे. पण लग्न झाले की घर सोडायचे कोणी, हे कायद्याने नव्हे, रूढीने ठरवलेले होते. कायद्याने फक्त त्या रूढीची नोंद भाडेपावतीवर केली. खुद्द १९५६च्या कायद्याचे कलम २३ही राहत्या घराची वाटणी मागण्यापासून मुलीला अडवत होते. ते २००५मध्ये गेले. भाडेकायद्याचा हेतू निवाऱ्याचा, वारसा वाटण्याचा नाही, हा आक्षेप अधिक वजनदार. १९४७साठी तो मला मान्य आहे. पुढे मात्र ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या भाडेकायद्याने पागडीच्या, म्हणजे भाडेहक्काच्या बदल्यात रक्कम घेण्याच्या, व्यवहाराला मान्यता दिली आणि पुनर्विकासात भाडेकरूच्या खोलीचा मालकीचा फ्लॅट होऊ लागला. वडिलांबरोबर राहिलेला भाऊ भाडेकरू झाला असेल, तर हा फ्लॅट त्याच्या नावावर होतो. त्याने मृत्युपत्र केले नाही, तर त्याच्यामागे त्याच्या मुलामुलींना सारखा वाटा मिळतो. त्याच घरात वाढलेल्या त्याच्या बहिणीला काहीच नाही.