व्हिट्रेक्टमी, सूक्ष्मछेदी

डोळ्याच्या पोकळीतील जेलीसारखा पारदर्शक काचाभ द्रव अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या छिद्रांतून काढून दृष्टिपटलाचे (बोलीत ‘पडद्याचे’) विकार दुरुस्त करण्याची, बहुधा बिनटाक्याची शस्त्रक्रिया. मधुमेहामुळे डोळ्यात साचलेले रक्त, निसटलेला पडदा, पीतबिंदूवरील छिद्र वा पापुद्रा यांसाठी ती मुख्यतः करतात.

इतिहास : काचाभ द्रवाला हात लावणे पूर्वी निषिद्ध मानत. तो काढूनही डोळा टिकतो, हे 1960 च्या दशकात मायामीचे डेव्हिड कॅस्नर यांनी दाखवले. पण डोळा उघडा ठेवून. तेथील बॅस्कम पामर नेत्रसंस्थेत रॉबर्ट माखेमर (1933–2009) यांनी 1970 मध्ये बंद डोळ्यात ही शस्त्रक्रिया केली. कापणे, शोषणे आणि जागा भरायला द्रव सोडणे ही कामे एकाच नळीतून करणारे यंत्र त्यांनी झाँ-मारी पारेल यांच्यासह बनवले. सुरुवातीच्या चाचण्या अंड्याच्या पांढऱ्या बलकावर झाल्या. छेद सुमारे 2.3 मिमी. होता. 1974 मध्ये ओमॅली व हाइन्ट्झ यांनी ही कामे तीन छिद्रांत वाटून छेद 0.9 मिमी.वर (20 गेज) आणला. तीन छिद्रांची मांडणी आजही तीच आहे. पुढे फुजी व द हुआन (25 गेज, 2002), एकार्ट (23 गेज, 2005) आणि ओशिमा (27 गेज, 2010, सुमारे 0.4 मिमी.) यांनी नळी आणखी बारीक केली. गेजचा आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. तरीही खरी क्रांती 1970 चीच : बंद डोळ्यात दाब कायम राखता येऊ लागला. नंतरचे बहुतेक सारे परिष्करण होय.

नळी बारीक करण्याची किंमत असते. त्रिज्या निम्मी झाली की, बाकी सारे तेच असता, प्रवाह सोळापट घटतो; शिवाय हत्यार वाकते. मिनिटाला हजारो वेळा कापणारी पाती आणि अधिक प्रखर प्रकाशस्रोत आल्यावरच 25 व 27 गेज रुळले.

पद्धती : बुबुळाच्या कडेपासून 3.5 ते 4 मिमी. मागे, जिथे पडदा सुरू झालेला नसतो अशा पट्ट्यातून, तिरके छिद्र पाडतात. तिरकेपणामुळे ते आपोआप मिटते. शेवटी गरजेनुसार वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. वायू भरल्यावर बरेचदा काही दिवस मान खाली ठेवावी लागते. तो विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य. उंचीवर वायू फुगून डोळ्यातील दाब धोकादायक वाढतो. तेल सहसा दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढतात.

उपद्रव : मोतीबिंदू लवकर वाढणे, पडदा पुन्हा निसटणे. बिनटाक्याच्या छिद्रांतून जंतुसंसर्ग अधिक होतो, असे सुरुवातीच्या काही अहवालांत म्हटले होते; नंतरच्या अनेक अभ्यासांत तसे आढळले नाही.

भारत : चेन्नईचे शंकर नेत्रालय (1978, संस्थापक एस. एस. बद्रीनाथ) हे या शस्त्रक्रियेचे एक प्रमुख केंद्र. निदर्शनांच्या वेळी झाडलेल्या छर्ऱ्यांनी जखमी झालेल्या डोळ्यांवर 2016 मध्ये श्रीनगर येथे जाऊन शस्त्रक्रिया करणाऱ्यांत मुंबईचे एस. नटराजन होते. अशा डोळ्यात छर्रा अनेकदा आरपार गेलेला असतो आणि एका शस्त्रक्रियेत काम भागतेच असे नाही.