दोन मार्गदर्शकांचा विषय

विज्ञानाचा इतिहास शिकवणे आणि त्यात संशोधन करवून घेणे या कामाला दोन प्रकारची तयारी लागते. जुन्या ज्योतिष्यांनी, वैद्यांनी किंवा धातुकारांनी काय लिहिले व घडवले ते मूळ ग्रंथांतून आणि शिलालेखांतून वाचण्यासाठी भाषा व लिपी यांचे ज्ञान हवे, आणि वाचलेले पडताळून पाहण्यासाठी गणिताचे किंवा प्रयोगशास्त्राचे. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या गावातून जवळच्या शिवाजी विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र आरंभीच यांपैकी एक वाट सोडावी लागते, कारण इतिहास एका विद्याशाखेत आणि गणित दुसऱ्या विद्याशाखेत शिकवले जाते.

महाराष्ट्रात शास्त्राच्या अध्यापनाला राजाश्रय मिळाल्याचा एक ठळक पुरावा चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके 1128 च्या, म्हणजे इ.स. 1207 च्या सुमाराच्या शिलालेखात आहे. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तेथे मठ स्थापला, आणि निकुंभवंशीय सामंतांनी त्याला दान दिले. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असला, तरी मठाला कोणी काय द्यावे हा व्यवहाराचा तपशील जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात या विषयाचा सर्वांत समर्थ अभ्यासक विद्यापीठाच्या बाहेर घडला. शंकर बाळकृष्ण दीक्षित (1853–1898) यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. ते शिक्षकांना तयार करणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजातून शिकले आणि पुढे त्याच क्षेत्रात शिकवत राहिले. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा इतिहासग्रंथ 1896 मध्ये पुण्यात मराठीतून प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी शिलालेखतज्ज्ञ जॉन फ्लीट यांना गुप्त राजांच्या लेखांतील तिथी आणि वार यांचे गणित दीक्षितांनी करून दिले होते. एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात गुप्त संवत् 165, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा उल्लेख आहे. तो दिवस 21 जून 484 हा ठरला, आणि अशा पडताळणीतून गुप्त संवताचा आरंभ इ.स. 319–20 च्या सुमारास निश्चित झाला. लेख वाचणारा एक आणि गणित करणारा दुसरा असे हे काम होते, आणि एकट्याने ते दोघांपैकी कोणालाही साधले नसते. रॉबर्ट सेवेल यांच्यासह दीक्षितांनी 1896 मध्येच भारतीय कालगणनेवरचा इंग्रजी ग्रंथ काढला, तोही याच जोडकामाचा.

कोल्हापुरात या पद्धतीला सामग्रीची वाण नाही. शिलाहारांच्या लेखांत ग्रहणाच्या पर्वकाळी दिलेल्या दानांचे उल्लेख येतात आणि त्यांचा प्रत्येक दिनांक खगोलगणिताने तपासता येतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीचे उत्खनन 1945–46 मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि मो. ग. दीक्षित यांनी केले. तेथे मिळालेल्या काशाच्या वस्तू कोणत्या मिश्रणाच्या आणि कोठे ओतलेल्या, हे प्रश्न पुरातत्त्वज्ञाइतकेच रसायनशास्त्रज्ञाचे आहेत. शिवाजी विद्यापीठ 18 नोव्हेंबर 1962 रोजी स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहाससंशोधक होते, म्हणजे मूळ कागदपत्रांवर काम करण्याचा वारसा या विद्यापीठाला पहिल्या दिवसापासून आहे.

म्हणून विज्ञानाच्या इतिहासातील पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक इतिहास किंवा संस्कृत विभागातून आणि दुसरा गणित, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र विभागातून मिळावा, दोघांनीही प्रबंधाची प्रकरणे वाचावीत आणि त्यांपैकी कोणीही नाममात्र नसावा, एवढी व्यवस्था विद्यापीठांनी करावी.