हुंडी

हुंडी : देशी सराफी व्यवहारातील एक लेखी दस्तऐवज. एका ठिकाणच्या पेढीने दुसऱ्या ठिकाणच्या पेढीस, अमुक रक्कम अमुक व्यक्तीस द्यावी, असा आदेश त्यात असतो. हा या शब्दाचा रूढ अर्थ होय. तथापि पैसे पाठविण्याचे साधन, कर्जाचा रोखा, मालाची जोखीम पत्करणारा करार, मंदिरातील दानपेटी आणि बेकायदेशीर चलनव्यवहार अशा भिन्न गोष्टींना हे एकच नाव मिळालेले आहे. ही संदिग्धता केवळ कोशकारांपुरती राहिली नाही; न्यायालयांनाही तिचा निर्णय करावा लागला.

संस्कृतात ‘हुंडिका’ हा शब्द आढळतो. कल्हणाच्या राजतरंगिणीत (बारावे शतक) तो आला असून सैनिकांच्या निर्वाहासाठी काढलेले आदेशपत्र, असा त्याचा अर्थ कोशकार देतात. आदेश हा या शब्दाचा गाभा असल्याचे त्यावरून दिसते.

सराफांच्या वापरात हुंडीचे मुख्य दोन प्रकार होते. दाखविताच जिचे पैसे द्यावे लागत, ती दर्शनी आणि ठराविक मुदतीनंतर जिचे पैसे मिळत, ती मुदती. दोहोंना नाव एक असले, तरी कार्य वेगळे होते : दर्शनी हुंडीने रक्कम स्थलांतरित होई, तर मुदती हुंडीने कर्ज निर्माण होई. पैसे कोणास द्यावयाचे यावरूनही भेद होत. धनीजोग हुंडीचे पैसे खुद्द धन्यास, तर शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या ‘शाहा’सच मिळत; तो तसा आहे की नाही, याची खात्री पैसे देणाराने करावयाची असे. आकड्यांत फेरफार होऊ नये म्हणून रक्कम लिहिल्यावर तिची निम्मी रक्कम आणि ‘तिची दुप्पट’ असेही लिहीत. हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’ आणि तीही हरवल्यास ‘परपेठ’ अशा प्रती मिळत. पैसे देऊन रद्द झालेल्या हुंडीला ‘खोका’ म्हणत.

जोखमी हुंडी मात्र अगदी निराळी. तिचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच देय होत. म्हणजे कर्ज आणि विमा हे तिच्यात एकत्र आलेले होते. सतराव्या शतकात भारतात आलेला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्न्ये याने सुरतेवरील हुंड्यांचे दर नोंदविले आहेत : लाहोरहून सव्वासहा टक्क्यांपर्यंत, तर अहमदाबादहून एक ते दीड टक्का. वाटेत माल लुटला गेल्यास सावकाराचे पैसे बुडत, हे त्याने दिलेले कारण लक्षात घेता या दरांत व्याजाबरोबर धोक्याची किंमतही होती, हे उघड आहे.

पेशवाईत उत्तरेकडील वसुलाच्या रकमा हुंड्यांनी पुण्यास येत. अंकुशी, चांदवडी अशी निरनिराळी नाणी चालत असल्याने त्यांवर बट्टा पडे. हुंडीसाठी द्यावयाच्या आकारास ‘हुंडणावळ’ म्हणत. मराठीत या शब्दकुळाला आणखी एक फाटा फुटला. जकातीसह मालाची वाहतूक ठोक रकमेत पत्करणारा तो ‘हुंडेकरी’ आणि अशा कराराचे भाडे ते ‘हुंडाभाडे’. वरपक्षास द्यावयाच्या रकमेसही हुंडाच म्हणतात. ठरवून दिलेली ठोक रक्कम, हा धागा या अर्थांत समान दिसतो.

दक्षिणेकडे अर्थ जवळजवळ उलटा झाला. तेलुगू व कन्नड भाषांत हुंडी म्हणजे देवस्थानातील दानपेटी. तिरुमलची श्रीवारी हुंडी सर्वपरिचित आहे. नाणी वाहून नेण्याची गरज टाळणाऱ्या कागदाचे नाव येथे नाणी साठविणाऱ्या पेटीचे आहे. तमिळमधील ‘उंडियल’ या शब्दात तर दोन्ही अर्थ नांदतात : दानपेटी आणि पैसे पाठविण्याची पद्धत. बांगलादेशात अधिकृत बँकांना वगळून परदेशातून पैसे पाठविण्याच्या व्यवहारास हुंडी म्हणतात; भारतात त्याला हवाला हे नाव अधिक रुळले.

चलनक्षम दस्तऐवज अधिनियम १८८१ मध्ये करण्यात आला. त्याच्या पहिल्याच कलमात, पौर्वात्य भाषांतील दस्तऐवजांसंबंधीच्या स्थानिक रूढींना बाध येणार नाही, असे म्हटले आहे. दस्तऐवजातच तसा हेतू व्यक्त केला असेल, तरच अधिनियम लागू होई. बाजारपेठेची स्वायत्तता त्यामुळे टिकली, पण हुंडीची व्याख्या झालीच नाही. तिची उणीव पुढे जाणवली. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात ‘६९ घ’ हे कलम १ एप्रिल १९७७ पासून लागू झाले. हुंडीवर केवळ आदात्याच्या खात्यात जमा होणाऱ्या (अकाउंट पेयी) धनादेशाखेरीज अन्य मार्गाने कर्ज घेतले वा फेडले, तर ती रक्कम उत्पन्न समजावी, अशी त्यात तरतूद होती. हुंडी म्हणजे काय, हे मात्र सांगितले नव्हते. त्यामुळे छापील हुंडीच्या कागदावर केवळ ‘परत देईन’ असे लिहून देणाऱ्या ऋणकोवरही कर बसू लागला. काही उच्च न्यायालयांनी सराफी रूढी तपासून, हुंडीत सामान्यतः तीन पक्ष असतात व एकाने दुसऱ्यास तिसऱ्यासाठी दिलेला आदेश असतो, असा निर्वाळा दिला आणि द्विपक्षीय कागदास वचनचिठ्ठी ठरविले. हा अर्थ करदात्यास न्याय देणारा होता, यात शंका नाही. मात्र मुंबईतील मुलतानी (शिकारपुरी) सराफांची नव्वद दिवसांची हुंडी, जी दलालांमार्फत बँकांकडे पुन्हा वटविली जाई, ती स्वतःच स्वरूपाने वचनचिठ्ठीस अधिक जवळची होती. या कसोटीवर ती हुंडी ठरणे कठीण होते.