विळी, अडकित्ता आणि ग्रहण

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या आणि बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेले. स्वयंपाकघरात मात्र मराठी-कानडी शेजार त्याआधीपासूनच होता. आपला अडकित्ता कानडीतूनच आलेला. कानडीत सुपारीला अडके म्हणतात. विळीला तिथे ईळिगे म्हणतात.

धारेच्या वस्तूंभोवती समजुतीही पुष्कळ. विळी उघडी ठेवू नये. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होते. सुरी हातात देऊ नये, खाली ठेवावी, दुसऱ्याने उचलावी. घरात रांगती पोरे असत, तेव्हा यातले शहाणपण उघड आहे. बाळाच्या पाचवीला सटवाईपुढे विळा किंवा सुरी ठेवतात, नवरदेवाच्या हाती लिंबू टोचलेली कट्यार देतात, ती लोखंडाला बाधा भिते म्हणून. युरोपात दारावर घोड्याची नाल ठोकतात, तीही याच समजुतीने.

ग्रहणाची गोष्ट मात्र एवढी निरुपद्रवी नाही. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाची खग्रास छाया आपल्या जवळच, हुबळीवरून गेली. अशा दिवशी गरोदर लेकीसुनांना विळीला हात लावू देत नाहीत. काही चिरले तर बाळाचा ओठ फाटतो म्हणे. वास्तविक ओठाची घडण गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांतच होते, पुष्कळदा दिवस गेल्याचे नीट कळण्याआधीच. फाटलेला ओठ आज शस्त्रक्रियेने जोडता येतो. तरीही बाळंतिणीला पहिला प्रश्न येतो, “ग्रहणात काय चिरलं होतंस गं?”