दाहाचा सूत्रधार

आमवाताने वाकडी झालेली आईची बोटे पाहत मी वाढलो. म्हणून हा इतिहास मला परका वाटत नाही.

१९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर व मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी निर्माण करण्याची रीत दाखविली. पुढे लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी सांध्यांतील दाहकारक द्रव्यांत टीएनएफ हे सूत्रधार असल्याचे ओळखले. १९९२ मध्ये त्यास रोखणारे प्रतिपिंड रुग्णांना प्रथम देण्यात आले. २० रुग्णांच्या त्या चाचणीत सूज व वेदना झपाट्याने ओसरल्या. मात्र औषधाचा प्रभाव सरताच व्याधी परतली.

टीएनएफ क्षयजंतूंनाही कोंडून ठेवते. म्हणूनच आज उपचारापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी होते. सांधे पोखरणारे द्रव्य शरीराचे रक्षकही असते, हा या इतिहासाचा धडा. आईच्या हयातीत हे औषध आले नाही.